राउटरची कुंची

वालावलकर काकूंनी फोनवर ‘हॅलो’ म्हटलं की नाहूरमध्ये ज्याच्या खिशात फोन असेल तो आपोआप कानाला लावायचा. मी वाढवून सांगतो, असं माझ्या बायकोचं, नीताचं म्हणणं आहे. सांगतोच. इतरांच्या बाबतीत वाढवून सांगतो. काकूंच्या बाबतीत मात्र निम्मं गाळून सांगतो, कारण खरं तेवढं सगळं सांगितलं तर लोक मला मुलुंडच्या डॉक्टरकडे नेतील.

टेलिफोनच्या तक्रार विभागात त्यांचा अख्खा जन्म गेला. काळा चकतीचा फोन होता तेव्हापासून तो भिंतीवरून गायब होईपर्यंत. अर्धी मुंबई त्यांच्या कानात रडली होती. त्यामुळे माणूस बोलायला लागला की तो तक्रारच करतोय, असं त्या धरून चालत. मी जिन्यात नुसतं म्हटलं, “काय काकू, उकडतंय ना?” की लगेच, “कधीपासून? सतत, की मधून मधून?”

दुसऱ्या मजल्यावरच्या राणेवहिनी एकदा त्यांच्याकडे रडत आल्या. मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, “लक्षण सांग.” वहिनी म्हणाल्या, “अहो काकू, लग्न मोडलंय!” काकू म्हणाल्या, “तो परिणाम झाला. लक्षण सांग. मुलगा बोलायचा कधी बंद झाला? बंद झाला, की आवाज खरखरायला लागला आधी?” वहिनी रडायच्या थांबल्या, आठवायला लागल्या, आणि अर्ध्या तासात निष्पन्न झालं की मुलगा दिवाळीपासूनच खरखरत होता. “म्हणजे लाईन आधीच गेलेली. तुमच्याकडून काही तुटलं नाही. जा, भात लाव,” असं म्हणून काकूंनी त्यांना वाटेला लावलं. वहिनी खरंच भात लावायला गेल्या. मुलीचं आता दुसरीकडे झालंय आणि तिच्या लग्नात वधूपित्यापेक्षा काकूंच्याच पाया जास्त लोक पडले.

त्यांचे नियम ठरलेले. तक्रार म्हणजे रडगाणं नव्हे, तक्रार म्हणजे लक्षण. हाक मारायची आणि ‘ओ’ येते का ऐकायचं. आणि सगळ्यात मोठा नियम : तक्रार बंद झाली की नाही, हे तक्रारदार ठरवणार. दुरुस्त करणाऱ्यानं ठरवायचं नाही.

या शेवटच्या नियमावरून त्यांनी नोकरीत एक महायुद्ध केलं होतं. महिनाअखेरीला त्यांचे साहेब फोन दुरुस्त न करताच तक्रारी बंद करून टाकायचे. कागदावर सगळं शहर ठणठणीत. काकू काय करायच्या, तर साहेब चहाला गेले की बंद केलेल्या एकेका तक्रारदाराला पत्र टाकायच्या : ‘आपला फोन सुरू झाल्याचे कळते. खरे आहे काय?’ पुढच्या आठवड्यात ऑफिसाच्या दारात ही रांग! साहेबांनी बोलावून विचारलं, “वालावलकर बाई, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?” काकू म्हणाल्या, “ज्याचा फोन बंद आहे त्याच्या.” साहेबांना पुढे ब्लडप्रेशर झालं. ते काकूंमुळे झालं, असं मी म्हणत नाही. साहेब म्हणायचे.

काकू एकट्याच राहायच्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यानंतरही संक्रांतीला त्यांनी तिळगूळ समारंभ सोडला नाही. तळमजल्यावरच्या आजींनी एकदा आडून सुचवलं, की आता तुम्ही हळदीकुंकू कसं करता? काकूंनी विचारलं, “ही तक्रार कुणी नोंदवलीय? नाव सांगा.” नाव काही पुढे आलं नाही. समारंभ चालू राहिला, उलट त्यात बाप्यांनाही आमंत्रण सुरू झालं.

त्यांना नातं म्हणाल तर एकच, कुडाळची थोरली बहीण. ताई. ताई गुडघ्यांमुळे खाटेवरून उठत नसे, पण जिभेला गुडघे नसतात. रोज दुपारी, जेवणं आटोपली की दोघी व्हिडिओ कॉल लावायच्या, आणि भांडायच्या. विषय एकच : लहानपणी आईची चिनी मातीची बरणी कुणी फोडली. पन्नासेक वर्षं खटला चालू होता. रोज नवे पुरावे. मी समोरच राहतो, दारं उघडीच असायची, त्यामुळे मला ती बरणी माझ्या सासुरवाडीच्या माणसांपेक्षा जास्त परिचयाची झाली होती.

“सुमे, तूच फोडलंस. तुझ्या परकराक लोणच्याचो डाग होतो.”

“तो डाग आमसुलाचा होता!” काकू मुंबईच्या मराठीत सुरू करायच्या आणि रंगात आल्या की मालवणीवर उतरायच्या. “माका काय सांगतंस?”

आणि एखाद्या दिवशी नेमकं इथे नेट जायचं.

ताईचा चेहरा पडद्यावर गोठायचा, तोंड उघडं, बोट वर. परत जोडलं जाईपर्यंत ताईचा विजय होऊन गेलेला असायचा. वर ती म्हणायची, “तुझी चूक निघाली की तुझा नेट जाता. बटण दाबतंस मेल्ये!”

हा आरोप काकूंच्या काळजात घुसला. कारण सबंध नाहूरला ठाऊक होतं की काकूंनी जन्मात ‘माझं चुकलं’ हे शब्द उच्चारले नव्हते. गरजच पडली नव्हती. त्या चुका ऐकून घेण्याच्या खुर्चीवर बसलेल्या बाई.

आता इथे गणू परबची ओळख करून द्यायला हवी. आमच्या गल्लीतल्या बिल्डिंगांना इंटरनेट द्यायचा तो गणू. कोपऱ्यावर त्याचा गाळा. गाळा कसला, दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्याने बाहेरून बोलायचं. गणूही कुडाळकडचाच. काकूंना ‘काकी’ म्हणायचा, गावाहून आला की कोकम आणून द्यायचा. पण धंद्यात महाआळशी. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणाला की आपण आंघोळ, जेवण आणि दुपारची झोप उरकून घ्यावी. आणि काहीही बिघडलं तरी त्याचं निदान एकच : “मागून बंद आहे.” नेट गेलं, मागून बंद. वायर उंदराने खाल्ली, मागून बंद. लिफ्ट अडकली तेव्हा सुद्धा सवयीने तेच म्हणाला. मागे म्हणजे नक्की कुठे, हे आम्ही कधी विचारलं नाही. ठाण्याच्या मागे कुठेतरी एक मोठ्ठा नळ असावा आणि तो कुणीतरी बंद करत असावं, अशी आमची समजूत.

एकदा मात्र त्याने वेगळं निदान केलं. समोर टॉवरचं काम चालू होतं, आणि धूळ अशी की सकाळी पांढरा शर्ट घालून बाहेर पडलेला माणूस संध्याकाळी पोलीस वाटायचा. काकूंच्या राउटरवर फुंकर मारत गणू म्हणाला, “काकी, ह्यात धूळ जाते ना, त्याने पण होतो प्रॉब्लेम.”

तो बोलून गेला. काकूंनी मनावर घेतलं.

त्या संक्रांतीला काकूंनी सगळ्या बिल्डिंगला जे वाण दिलं, तसं वाण या पृथ्वीवर कुणी कुणाला दिलं नसेल. राउटरसाठी लोकरीची कुंची! तान्ह्या बाळाला घालतात तशी, मागे छान झालर, पुढे बंद, आणि वर अँटेना बाहेर काढायला दोन भोकं. प्रत्येक घराचा रंग वेगळा. आमची पोपटी. घातल्यावर राउटर असा दिसायचा की जाता-येता त्याच्या गालाला हात लावून बोटं मोडावीत. राणेवहिनींनी तर काजळाची तीट लावली. गणू स्वतः प्रत्येक घरी येऊन अँटेना भोकांतून नीट काढून देऊन गेला आणि म्हणाला, “काकी, झकास! आता धूळ येऊन दाखवू दे.”

कुंची काढून ठेवायची कुणाची छाती नव्हती. काकू साखर मागायला म्हणून कधी कुणाकडे शिरतील आणि बाळाला उघडं बघतील, सांगता येत नसे.

शिमगा झाला, ऊन तापायला लागलं, आणि नेटची वाट लागली. आधी दिवसातून एकदा जायचं. मग ताईच्या प्रत्येक वाक्याला जायला लागलं. नुसतं काकूंकडचंच नाही, सगळ्या बिल्डिंगचं. कुणाचं टळटळीत दुपारी, कुणाचं चारला. गणू यायचा, कुंची हलकेच उतरवायचा, राउटर बंद करायचा, चहा प्यायचा, चालू करायचा. नेट यायचं. “मागून होतं, आलं बघा.” परत कुंची घालायचा, बंद बांधायचा, आणि जायचा.

काकूंनी मला हाक मारली. “सुहास, लक्षण लिहून ठेवणारं काही मिळतं का रे? मी सारखी डोळे लावून बसू शकत नाही.”

मिळतं. मी त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर एक फुकटातलं सॉफ्टवेअर बसवून दिलं. ते दर काही सेकंदांनी तीन जागी हाक मारतं : आपल्या घरातला राउटर, मग नेट देणाऱ्याचं दार, मग लांब जगातला कुठला तरी पत्ता. ‘ओ’ आली तर हिरवी रेघ, नाही आली तर लाल. तीन जागांच्या तीन ओळी, एकाखाली एक. पहिली लाल ओळ ज्याची, दोष त्याचा.

काकूंचा चेहरा असा उजळला, जणू त्यांना जुनी खुर्ची परत मिळाली. “अरे, हे तर माझंच काम करतंय!” मग चष्मा सरसावून त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. “हे काय?”

“तो आपला घरचा राउटर.”

“काढ तो.”

“राहू दे ना काकू. सॉफ्टवेअरवाले ठेवायला सांगतात.”

“घरातल्याला कसली हाक मारायची? तो इथे समोर बसलाय, कुंची घालून. दिसतोय मला. काढ.”

काकूंशी वाद कोण घालणार? मी पहिली ओळ काढली.

त्यानंतर त्या लॅपटॉपचं झाकण कधी मिटलं नाही. काकू भाजी निवडायच्या तर तो शेजारी, देवपूजा करायच्या तर तो देव्हाऱ्याजवळ. पै-पाहुण्यांना आधी पाणी, मग आलेख. आणि आलेख काय सांगत होता? पहिली लाल ओळ गणूच्या दाराची. रोज. न चुकता. घरची ओळ नव्हतीच, तेव्हा दुसरं कोण पहिलं येणार?

पाडव्याच्या आसपास सोसायटीच्या ऑफिसात मीटिंग लागली. एरवी आमच्या मीटिंगला तीन डोकी आणि एक मांजर. त्या दिवशी बसायला जागा नव्हती. काकूंनी आलेख छापून आणले होते. गणू उभा, हातात हेल्मेट. आणि काकू अशा बोलल्या की उच्च न्यायालयानं त्यांना त्याच दिवशी बोलावून घ्यायला हवं होतं.

“गणू, हे लाल काय आहे?”

“काकी, मागून...”

“मागून हिरवं आहे. राणेंच्या भावाचं नेट मागूनच येतं, मुलुंडला, ते चालू होतं. मी फोन करून विचारलं. लाल तुझ्या दारापासून सुरू होतंय.”

“पण काकी, माझ्या गाळ्यात बघाल तर सगळं चालू दिसतं. खरंच सांगतो. माका पण कळत नाय.”

“इतकी वर्षं लोक मला हेच सांगत आले. ‘आमच्याकडून चालू आहे.’ तू लाईन विकत घेतोस कमी आणि वाटतोस जास्त लोकांना. दुपारी सगळे जागे झाले की पुरत नाही. सरळ बोल ना, मेल्या!”

लोक टाळ्या वाजवायला लागले. गणूने एकदा आमच्याकडे बघितलं, एकेका चेहऱ्याकडे, कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून. त्याची गंमत म्हणजे तो खोटारडा होताच. पाच मिनिटांचा खोटारडा, ‘मागून’चा खोटारडा. त्यामुळे आज तो खरं बोलतोय हे त्याला स्वतःलाही पटवून देता येईना.

त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ग्रूपवर कुणीतरी लिहिलं, ‘गणू चोर’. खाली अंगठ्यांची ही रांग. त्यात एक माझा. मला आठवत नाही कधी दिला, पण आहे.

गणूची लाईन गेली. काकूंचा आलेख शेजारच्या बिल्डिंगांच्या ग्रूपवर गेला, कारण असा पुरावा आम्ही एकट्यांनी का बघावा? मग त्यांनीही गणूला काढलं. गाळ्याचं शटर अक्षय्य तृतीयेच्या आधीच खाली आलं. कुणीतरी म्हणालं, तो मानखुर्दला दुसऱ्या एका केबलवाल्याकडे हाताखाली लागलाय.

नवी कंपनी आली. पांढरे शुभ्र नवे राउटर. काकू घरोघरी फिरल्या आणि जुन्या बाळांच्या कुंच्या नव्या बाळांना घालून आल्या. नव्या कंपनीचा टाय लावलेला माणूस बघून हसला आणि म्हणाला, “सो क्यूट, आंटी.”

मे महिन्यात, दुपारी, ताईने बरणीचा विषय काढला आणि तिचं तोंड उघडं राहिलं.

काकूंनी नव्या कंपनीला फोन लावला. पण ही कंपनी मोठी. तिच्याकडे तक्रार करायची तर आधी त्यांची प्रश्नावली : घरचा राउटर तपासला का? काकू म्हणाल्या, “हो.” मग फोन ठेवून त्या थांबल्या. मी तेव्हा तिथेच होतो, त्यांच्याकडची कैरीची डाळ खात. म्हणाल्या, “सुहास, मी हो म्हणाले. पण तपासला नाही. ती पहिली ओळ लाव बघू परत. खोटं नको.”

मी लावली. आम्ही बसलो. पंखा गरम हवा फेकत होता. तिन्ही ओळी हिरव्या, हिरव्या, हिरव्या. मग लाल. सगळ्यात वरची, घरची. आधी ती, तिच्या मागून बाकीच्या दोन.

काकू उठल्या. राउटरपाशी गेल्या. कुंचीचे बंद सोडले, आणि आत हात घातला.

एवढ्या तापलेल्या तव्यावर मी भाकरी फुगताना पाहिलीय. त्यांनी हात झटकन काढला आणि तोच हात तोंडावर ठेवला. आधीचं बाळ जानेवारीपासून, आणि हे बिचारं आल्या दिवसापासून लोकरीत बांधलेलं. पोळून मूर्च्छा येत होती त्याला, दर दुपारी. पडायचं, थोडं निवायचं, उठायचं, परत पडायचं. सगळ्या बिल्डिंगमध्ये. घरोघरी.

लॅपटॉपवर ओळी पुन्हा हिरव्या झाल्या. काकू म्हणाल्या, “गणू खरं बोलत होता.”

मी म्हणालो, “जाऊ द्या हो काकू. नाहीतरी आळशीच होता तो.”

“आळशीपणाची तक्रार नव्हती आपली,” काकू म्हणाल्या. “आपली तक्रार वेगळी होती.”

दुसऱ्या दिवशी त्या पिशवी घेऊन बिल्डिंगभर फिरल्या. एकेका दारात उभ्या राहायच्या, कुंची परत मागायच्या आणि म्हणायच्या, “हिच्यामुळे नेट जात होतं. मी दिली होती. माझं चुकलं.” हे शब्द त्यांच्या तोंडात इतके नवे होते की पहिल्या मजल्यावर नीट उमटेनात. वर चढता चढता सराव झाला. लोक हसले, “अहो, काय काकू, प्रेमाने दिलेलीत तुम्ही!” राणेवहिनी म्हणाल्या, “काजळ लागलंय हं तिला.” गणूचं नाव कुणी काढलं नाही. काकूंनी सोसायटीत मागणी केली, गणूला परत बोलवा. सेक्रेटरी म्हणाले, नव्या कंपनीशी वर्षाचा करार झालाय, आणि खरं सांगू, सर्व्हिस बरी आहे आता. कुंच्या निघाल्यावर बरी असणारच! ग्रूपवर काकूंनी मोठा खुलासा टाकला. त्याच्या खाली हात जोडलेली चित्रं आली, आणि पाठोपाठ कुणीतरी पाणी कधी येणार ते विचारलं.

“मानखुर्दला जाऊ या,” काकू म्हणाल्या. मी गेलो. सोबत म्हणून.

गणू एका बिल्डिंगच्या खाली सापडला, वायरचं भेंडोळं खांद्यावर घेऊन. आम्हाला बघून त्याने आधी खाली बघितलं, मग भेंडोळं ठेवलं. काकूंनी पिशवीतून कुंची काढली, आमचीच पोपटी होती ती, आणि सांगितलं. सगळं. कुठेही आवाज न चढवता. शेवटी म्हणाल्या, “मागून बंद नव्हतं, गणू. माझ्याकडून बंद होतं.”

गणू कुंचीकडे बघत राहिला. तिचे बंद त्याने स्वतः कितीदा बांधले होते!

मला राहवेना. म्हणालो, “पण गणू, धुळीचं तूच म्हणाला होतास ना रे?”

काकू गर्रकन वळल्या. “सुहास, तू सोबत आलायस. वकील म्हणून नाही.”

गणू म्हणाला, “म्हणालो होतो मी, काकी. ते खरं आहे. कायतरी बोलायचं म्हणून बोललो.” आणि मग हळूच, “पण चोर नाय होतो.”

“तक्रार नोंदव माझ्यावर,” काकू म्हणाल्या.

“काय?”

“नोंदव. लक्षण : गाळा बंद, नाव खराब. कारण : सुमन वालावलकर.”

गणूला आधी चेष्टा वाटली. मग त्याला त्यांचा चेहरा दिसला. त्याने विचारलं, तोच प्रश्न, जो आम्ही सगळे त्याला वर्षानुवर्षं विचारत होतो : “कधी होईल दुरुस्त?”

मी पानाच्या टपरीकडे बघायला लागलो.

“सांगता येत नाही,” त्या म्हणाल्या. “पण मी विचारत राहीन.”

आणि त्या विचारत राहिल्या. दर शनिवारी गणूला फोन. “गणू, चालू झालं का?” आणि पलीकडून, “नाय, काकी. अजून नाय.” बस्स, एवढंच. रागाने नाही, लाडानेही नाही. मधल्या दिवसांत काकू आसपासच्या सोसायट्यांच्या ऑफिसांत जाऊन बसायच्या, त्यांच्या लोकांना आलेख दाखवायच्या, पहिली ओळ दाखवायच्या, गणूचं नाव सांगायच्या. लोक ऐकून घ्यायचे. चहा द्यायचे. चांगली म्हातारी आहे म्हणायचे. सगळ्यांना वाटायचं, झालं ते झालं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. मला सर्वांत जास्त वाटायचं. कारण समोरच्या दारातून दर शनिवारी तो फोन मला ऐकू यायचा, आणि तो ऐकू येऊ नये म्हणून मी टीव्ही मोठा करायचो.

ताईशी भांडण मात्र संपलं. नेट आता ठणठणीत होतं, पण एका दुपारी काकू म्हणाल्या, “ताई, बरणी मीच फोडली असेन.” पलीकडे ताई इतका वेळ गप्प राहिली की मला वाटलं नेट गेलं. मग ताईचा आवाज आला, अगदी घाबरलेला. “सुमे, तुका बरा नाय काय गो?” आणि दिवाळीनंतर काकूंनी ठरवलं, कुडाळला जाऊन ताईपाशी राहायचं. गुडघे तिचे गेले होते, आणि यांचं काहीतरी वेगळंच गेलं होतं.

त्या निघाल्या ती सकाळ. टॅक्सी गेटात उभी. सगळी बिल्डिंग खाली. राणेवहिनींचे डोळे पुसणं चालू. सामान थोडंच : दोन बॅगा, आणि एक मोठी पिशवी, तिच्यात रंगीबेरंगी लोकरीचे गुंडे. सगळ्या कुंच्या त्यांनी उसवल्या होत्या, एकेक करून. त्या लोकरीचं पुढे काही विणलं नाही. लॅपटॉप मात्र उघडाच, मांडीवर घेऊन बसल्या होत्या टॅक्सीत, नेहमीसारखा. आमच्या घरचं नेट खाली गेटापर्यंत जेमतेम पोचतं. तेच जोडून दिलं होतं मी त्यांना, जाईपर्यंत चालू राहावं म्हणून.

त्यांनी फोन काढला. शनिवार नव्हता, तरी. स्पीकर लावला, कारण कानांना कमी ऐकू येऊ लागलं होतं.

“गणू, मी निघाले गावी.”

“कळलं, काकी. सांभाळून जावा.”

“चालू झालं का?”

पलीकडे रस्त्याचा आवाज येत होता. मग गणू म्हणाला, “झालं, काकी. करा तक्रार बंद.”

आम्ही सगळे सुटल्यासारखे हसलो. माझ्या छातीवरून तर अख्खा टॉवर उतरला. वहिनी म्हणाल्या, “चला बाई, गोड झालं!” पण काकू हसल्या नाहीत. फोन तोंडाजवळ घेऊन त्यांनी विचारलं, त्या जुन्या आवाजात, ज्या आवाजाशी अर्ध्या मुंबईला खोटं बोलता आलं नव्हतं :

“खरंच झालं? की म्हातारी चाललीय म्हणून?”

“तुम्ही जावा ना, काकी,” गणू म्हणाला.

“गणू.”

“म्हातारी चाललीय म्हणून,” गणू म्हणाला.

“मग राहू दे चालू,” काकू म्हणाल्या, आणि फोन पिशवीत टाकला.

त्यांनी आमच्याकडे बघितलं. एकेका चेहऱ्याकडे, मीटिंगमध्ये गणूने बघितलं होतं तसं. मी ‘पोचलात की फोन करा’ वगैरे म्हणालो बहुतेक. टॅक्सी हलली. खिडकीतून मला लॅपटॉपचा पडदा दिसत होता, तीन हिरव्या ओळी. टॅक्सी गेटाबाहेर पडली, गणूच्या बंद शटरापाशी वळायला लागली, आमचं नेट सुटलं, आणि ओळी लाल झाल्या. आधी वरची, घरची.